‘नकोसा’ घोडा नेमका कुणाला नकोसा? दोन कागदांचं चिकित्सक वाचन

पेटची तयारी करणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न वारंवार येतो : ‘चिकित्सक वाचन करा, असं सगळे म्हणतात. पण ते करायचं कसं?’ बरेच जण चिकित्सा म्हणजे चुका काढणं समजतात, आणि मग कुठल्याही शोधनिबंधाखाली ‘नमुना लहान आहे’ एवढं लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा एक अडचणीचा विषय घेऊन त्यावरचे दोन चांगले कागद शेजारी ठेवून वाचू. मुद्दाम चांगले घेतोय. वाईट लेखनावर टीका कुणीही करतो.

विषय आहे नकोशा घोड्यांचा. म्हातारा झालेला, लंगडणारा, कामाचा न उरलेला किंवा कामच बंद झाल्यामुळे रिकामा झालेला घोडा. त्याचं पुढं काय व्हावं? कापावा, सांभाळावा, विकावा की दयामरण द्यावं? खामगावात बसून हा प्रश्न लांबचा वाटेल. पण लग्नसराईत आपल्या रस्त्यांवरून जी घोडी वरातीपुढं चालते, ती आषाढ लागल्यावर तुळशीच्या लग्नापर्यंत काय खाते, तिचे गुडघे गेल्यावर ती कुठं जाते, हा याच प्रश्नाचा भाग आहे.

पहिला कागद अमेरिकेतला, २०११ चा सरकारी अहवाल. दुसरा मुंबई उच्च न्यायालयाचा, ८ जून २०१५ चा, व्हिक्टोरिया घोडागाड्यांवरचा निकाल.

आधी शब्द तपासा

कुठल्याही वादात शिरण्याआधी त्यातल्या मुख्य शब्दाची व्याख्या कुणी केली ते बघायचं. ‘नकोसा घोडा’ ही संज्ञा अमेरिकेत रुळली. तिथल्या घोड्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेची व्याख्या साधारण अशी : सध्याच्या मालकाला जो नको आहे तो, कारण तो म्हातारा आहे, जखमी आहे, आजारी आहे, आवरत नाही, किंवा मालकाच्या अपेक्षेला उतरत नाही.

ही यादी पुन्हा वाचा. पहिल्या तीन गोष्टी घोड्याच्या शरीराच्या आहेत. चौथी निम्मी शिकवणाऱ्याची. पाचवी तर पूर्णपणे मालकाच्या मनातली. म्हणजे ‘नकोसा’ हे विशेषण घोड्याला लावलंय, पण सांगतंय मालकाबद्दल. महाराष्ट्राला हे व्याकरण नवीन नाही. २०११ मध्ये साताऱ्यात ‘नकोशी’ नावाच्या मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली गेली. तिथंही नाव मुलीचं होतं आणि दोष घरच्यांचा.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर हा मोजमापाचा प्रश्न आहे. ‘नकोसे घोडे किती?’ असं विचारलं, की तुम्ही प्राण्यांची एक जात मोजताय असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही एका क्षणी, एका किमतीला, किती मालक घोडा सोडायला तयार आहेत ते मोजत असता. चाऱ्याचा भाव वाढला की आकडा वाढेल, लग्नाच्या तिथी भरपूर असल्या की कमी होईल. घोडे तेच.

पहिला कागद : अमेरिकेचा अहवाल

अमेरिकेत गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस नावाची संस्था आहे. आपल्या कॅगशी तिचं काम बरंच जुळतं. तिनं जून २०११ मध्ये घोड्यांच्या कल्याणावर एक अहवाल दिला. पार्श्वभूमी अशी : अमेरिकेत घोड्याचं मांस फारसं कुणी खात नाही, पण निर्यातीसाठी कत्तलखाने होते. काँग्रेसनं कत्तलीवर थेट बंदी घातली नाही; कत्तलीआधीच्या सरकारी तपासणीला पैसे देणं तेवढं बंद केलं. त्यात टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांच्या कायद्यांची भर पडली आणि २००७ मध्ये शेवटचे कत्तलखाने बंद झाले. अहवालाचा प्रश्न होता : या बंदीनंतर घोड्यांचं भलं झालं का?

अहवालाचं उत्तर थोडक्यात असं. कॅनडाला कत्तलीसाठी जाणारे घोडे १४८ टक्क्यांनी वाढले, मेक्सिकोला जाणारे ६६० टक्क्यांनी. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या घोड्यांचे भाव ८ ते २१ टक्के पडले. महागड्या घोड्यांवर कत्तलखाने बंद झाल्याचा परिणाम दिसला नाही. आणि कोलोरॅडो राज्यात घोड्यांच्या हेळसांडीचे तपास २००५ मधल्या ९७५ वरून २००९ मध्ये १,५८८ वर गेले.

कत्तलीच्या बाजूचे लोक हा अहवाल आजही उचलून धरतात : ‘बघा, बंदी घातली आणि घोड्यांचे हाल झाले.’ आता आपण आकडे उलगडू.

*६६० टक्के कशाचे?* टक्केवारी दिसली की पाया विचारायचा, ही सवय लावून घ्या. २००६ मध्ये अमेरिकेत साधारण १ लाख ५ हजार घोडे कापले गेले आणि सुमारे ३३ हजार कत्तलीसाठी बाहेर गेले. २०१० मध्ये देशात शून्य, बाहेर सुमारे १ लाख ३८ हजार. कागद-पेन घ्या. २००६ ला कॅनडाला गेलेले ‘क’ आणि मेक्सिकोला गेलेले ‘म’ धरा. दोन्हींची बेरीज ३३ हजार. वाढीनंतर क चे २.४८ पट आणि म चे ७.६ पट झाले, त्यांची बेरीज १ लाख ३८ हजार. गणित सोडवलं की मेक्सिकोचा पाया येतो सुमारे ११ हजार आणि कॅनडाचा २२ हजार. ६६० टक्के खोटे नाहीत; पण ते एका लहान आकड्यावर उभे आहेत.

खरी गंमत पुढं आहे. १ लाख ५ हजार अधिक ३३ हजार किती? १ लाख ३८ हजार. म्हणजे बंदीआधी आणि बंदीनंतर कापले गेलेले घोडे जवळपास तेवढेच! बदललं काय, तर प्रवास. आधी जो घोडा देशातल्या कत्तलखान्यात जायचा, तो आता शेकडो मैल जास्त ट्रकमध्ये उभा राहून सीमेपलीकडं जायला लागला, आणि तिथं अमेरिकेचे नियम लागू नव्हते. हा निष्कर्ष बंदीच्या समर्थकांना टोचणारा आहे आणि तो टोचायलाच हवा.

पण तोच आकडा विरोधकांनाही टोचतो, इकडं कुणी फारसं बघत नाही. कापले जाणारे घोडे तेवढेच राहिले असतील, तर ‘कत्तलीचा मार्ग बंद झाला म्हणून घोडे रस्त्यावर सोडले गेले’ हे कसं? मार्ग बंद झालाच नव्हता, लांबला होता. अहवालातले दोन निष्कर्ष एकमेकांना अडवतात. त्यांचा मेळ घालायचा तर वेगळा युक्तिवाद लागेल : एकूण संख्या तीच राहिली, पण सीमेपासून दूरच्या राज्यांत वाहतुकीचा खर्च घोड्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला, आणि तिथले स्वस्त घोडे अडकले. हे शक्य आहे. भाव स्वस्त घोड्यांचेच पडले याच्याशीही ते जुळतं. पण ते सिद्ध करायला राज्यवार आकडे लागतात, आणि हेळसांडीबद्दल देशभराची एकसारखी आकडेवारी उपलब्ध नाही, हे अहवाल स्वतःच सांगतो.

*कोलोरॅडोचा पुरावा किती जड?* तीन प्रश्न विचारा. एक, ‘तपास’ म्हणजे सिद्ध झालेली हेळसांड नव्हे. लोक जास्त तक्रारी करायला लागले तरी तपास वाढतात. दोन, सुरुवातीचं वर्ष २००५ आहे आणि कत्तलखाने बंद झाले २००७ ला. मधल्या दोन वर्षांतली वाढ बंदीच्या खात्यावर कशी टाकणार? तीन, डिसेंबर २००७ ते जून २००९ अमेरिकेत मोठी मंदी होती. लोकांची घरं गेली, तिथं घोडा कोण सांभाळणार?

इथं अहवालाचं कौतुकही करायला हवं. किमतींच्या बाबतीत त्यांनी मंदीचा परिणाम वेगळा काढला. लिलावातल्या हजारो व्यवहारांवर प्रतिगमन विश्लेषण करून सांगितलं, की मंदीमुळं सगळ्याच घोड्यांचे भाव ४ ते ५ टक्के पडले आणि कत्तलखाने बंद झाल्याचा परिणाम त्याहून वेगळा आहे. हे चांगलं काम आहे. हेळसांडीच्या बाबतीत मात्र तीच काळजी घेता आली नाही, कारण तसा डेटाच नव्हता. एकाच अहवालात एक निष्कर्ष भक्कम आणि दुसरा लेचापेचा असू शकतो. ‘अहवाल म्हणतो’ असं लिहिताना अहवालातला कोणता भाग, हे सांगायची सवय ठेवा.

आणखी एक गोष्ट काळानं दाखवली. अहवालानंतर त्याच वर्षी काँग्रेसनं तपासणीच्या निधीवरची अट काढली, २०१४ मध्ये पुन्हा घातली. मधल्या काळात कत्तलखाना काही सुरू झाला नाही. दुसरीकडं युरोपीय संघानं २०१४ च्या अखेरीस मेक्सिकोतून येणारं घोड्याचं मांस थांबवायचं ठरवलं. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतून कत्तलीसाठी जाणारे घोडे खूपच कमी झाले. आता विचार करा : ते १ लाख ३८ हजार घोडे ‘नकोसे’ होते, की कुणाला तरी मांसासाठी हवे होते म्हणून तेवढे गेले? पुरवठ्याचा वाटणारा आकडा मागणीचा निघू शकतो. व्याख्येचा मुद्दा मी आधी घेतला तो यासाठी.

दुसरा कागद : मुंबईचा निकाल

आता घरी येऊ. मुंबईत गेटवे, नरिमन पॉइंट, जुहू या भागांत पर्यटकांना फिरवणाऱ्या चांदीसारख्या चमकणाऱ्या घोडागाड्या तुम्ही सिनेमात पाहिल्या असतील. त्यांच्याविरुद्ध अ‍ॅनिमल्स अँड बर्ड्स चॅरिटेबल ट्रस्ट आणि इतरांनी २०११ मध्ये जनहित याचिका केली. ८ जून २०१५ ला न्या. अभय ओक आणि न्या. ए. के. मेनन यांच्या खंडपीठानं निकाल दिला : केवळ मौजेच्या फेरफटक्यासाठी घोडागाड्या चालवणं बेकायदा आहे, आणि वर्षभरात त्या पूर्ण बंद करा. सुमारे १३० गाड्या होत्या. सुमारे ७०० जणांच्या पोटाचा प्रश्न होता, म्हणून सरकारनं पुनर्वसनाची योजना आखावी असंही सांगितलं.

निकालाची ताकद आधी बघू. न्यायालयानं ‘घोडागाडी वाईट’ असं सरसकट म्हटलं नाही. हेतूवर बोट ठेवलं. वाहतुकीची गरज आणि गंमत यांत फरक केला. प्राण्याला होणाऱ्या त्रासाचं समर्थन करायचं तर बदल्यात काय मिळतंय ते तपासावं लागतं, आणि दहा मिनिटांची फेरी हे फार हलकं पारडं आहे. तबेल्यांची अवस्था, डांबरी रस्ता, परवाने या बाबीही समोर होत्या. आदल्याच वर्षी, ७ मे २०१४ ला, सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूच्या नागराज प्रकरणात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांची भाषा आपल्या कायद्यात आणली होती. त्या प्रवाहात हा निकाल बसतो. निकाल योग्य होता, असं माझं मत आहे.

मग टीका कशावर? निकालानंतरच्या चर्चेवर, आणि थोडी निकालाच्या रचनेवर.

पुढची काही वर्षं वाद चालला तो माणसांच्या पुनर्वसनाचा : फेरीवाल्याचा परवाना द्यायचा की रोख रक्कम, किती जणांना, मालकाला किती, चालकाला किती. तो व्हायलाच हवा होता. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया मुंबईत आल्या. त्या गाड्यांच्या छायाचित्रांसह बातम्या आल्या आणि गोष्ट संपल्यासारखी झाली. पण ज्याच्या नावानं याचिका झाली, तो घोडा या गोष्टीतून मधेच गळाला.

का गळाला, याचं उत्तर भावनेत शोधू नका, नोंदीत शोधा. गाडीला परवाना असतो, म्हणून १३० हा आकडा सांगता येतो. मालकाला कागद असतो, चालकाला ओळखपत्र असतं. घोड्याला काय असतं? एका गाडीमागं किती घोडे, हे गाडीच्या परवान्यावरून कळत नाही. पाळीपाळीनं जुंपायला दुसरा ठेवावा लागतो. याच राज्यात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याची जन्मापासूनची वंशावळ पुण्याच्या स्टड बुक अ‍ॅथॉरिटीकडं लिहिलेली असते, कारण तिथं रक्ताला किंमत आहे. टांग्याच्या आणि वरातीच्या घोड्याची अशी वही नाही.

निकालाच्या रचनेतली अडचण इथंच आहे. बंदीला तारीख होती, घोड्यांच्या मोजणीला तशीच ठोस तारीख आधी हवी होती. क्रम असा असायला हवा होता : आधी प्रत्येक घोड्याची ओळख, वय, तब्येत नोंदवा; मग बंदी; मग दर सहा महिन्यांनी तो घोडा कुठं आहे ते तपासा. ओळखच नोंदवली नाही तर घोडा विकला जातो आणि विकलेला घोडा कुणाच्याच वहीत राहत नाही. बंदी मुंबईपुरती, बाजार मात्र सगळ्या राज्यात. सारंगखेड्याच्या यात्रेत कुठल्या गावचा घोडा कुठं जातो याला शहराची हद्द नसते. अमेरिकेत घोडा देशाची सीमा ओलांडून नजरेआड झाला. आपल्याकडं तालुक्याची ओलांडली तरी पुरतं.

आपला वाद अमेरिकेसारखा नाही

विद्यार्थी इथं हमखास फसतात. परदेशी निबंध वाचायचा, त्यातलं चौकट-चित्र उचलायचं, आणि ‘महाराष्ट्राच्या संदर्भात’ असं शीर्षक देऊन सिनॉप्सिस तयार! तिथला वाद कत्तल हवी की नको असा आहे. भारतात घोड्याच्या मांसाला अन्नसुरक्षेच्या नियमांत जागा नाही. म्हणजे आपल्याकडं म्हाताऱ्या घोड्याला किंमत देणारा अधिकृत खाटीकच नाही. मालकापुढं उरतात चार वाटा : सांभाळणं, विकणं, संस्थेला देणं, सोडून देणं.

सोडून देणं गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो, की उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून दिलं तर शिक्षा. शिक्षा किती? पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. १९६० ला पन्नास रुपये मोठी रक्कम असेल. आज एका दिवसाचा चारा त्यात येणार नाही. समजा, घोड्याचा सगळा खर्च दिवसाला २०० रुपये धरला, तर वर्षाचे ७३ हजार. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो; पंधराव्या वर्षी कामातून गेला आणि आणखी दहा वर्षं जगला तर ७ लाख ३० हजार. एका पारड्यात ७ लाख आणि दुसऱ्यात ५० रुपये. घोडीवाल्याच्या मनात कितीही माया असो, कायदा त्याला कुठल्या बाजूला ढकलतोय हे उघड आहे. (२०० हा आकडा मी गृहीत धरलाय. तुम्ही तुमच्या गावचा भाव टाका, निष्कर्ष किती बदलतो ते बघा.)

मग तुलना कशाशी करायची? माझ्या मते आपल्याला जवळचं उदाहरण गुरांचं आहे. ४ मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं ती बंदी कायम ठेवली, बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्याबद्दलचं कलम मात्र रद्द केलं. ‘भाकड जनावराचं काय करायचं?’ हा प्रश्न विदर्भातल्या कापूस-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला तेव्हापासून रोजचा आहे. त्याला सरकारनं दिलेलं एक उत्तर म्हणजे सप्टेंबर २०२४ चा निर्णय : गोशाळेतल्या देशी गाईमागं दिवसाला ५० रुपये अनुदान. वर्षाला १८,२५० रुपये. पुरतात की नाही हा वेगळा वाद, पण निदान एक आकडा कागदावर आहे, त्यावर भांडता येतं. घोड्यासाठी असा आकडाच नाही.

आणि तुलना करताना सावध! विसाव्या पशुगणनेत (२०१९) देशातले नर गोवंश २०१२ च्या तुलनेत ३० टक्क्यांनी घटलेले दिसतात. कुणी म्हणेल, ‘कायद्यामुळं.’ पण त्याच सात वर्षांत ट्रॅक्टर वाढले, शेतं लहान झाली, मजूर मिळेनात. शिवाय असे कायदे सगळ्या राज्यांत एकाच वेळी आले नाहीत. एका आकड्याला एकच बाप शोधायचा मोह टाळा.

घोड्यांचंही तसंच. २०१२ मध्ये देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ३ लाख ४० हजार. ४५.६ टक्के घट. ‘पावणेतीन लाखांहून जास्त घोडे गेले कुठं?’ असा मथळा लगेच सुचतो. थांबा. दोन गणनांमधला फरक म्हणजे मेलेले घोडे नव्हेत. जन्म कमी झाले तरी संख्या घटते. म्हातारे मेले आणि नवी शिंगरं घेतलीच नाहीत, एवढ्यानंही बरीच घट होऊ शकते. किती घट जन्म थांबल्यामुळं आणि किती अकाली मरणामुळं, हे वयोगटाचे आकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. घोड्यांच्या हालांविषयी आस्था असलेल्यानंच ही काळजी जास्त घ्यावी, कारण एक फुगवलेला आकडा पकडला गेला की उरलेलं खरंही कुणी ऐकत नाही.

आपल्याकडचे टांगे कुठल्या न्यायालयानं बंद केले नाहीत, ऑटोरिक्षानं केले. १८७० मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला तेव्हा माल आणि माणसं स्टेशनावर जनावरांच्या जिवावरच पोहोचत होती. पुढं ती वाहनं एकेक करत कमी होत गेली. याचिका नाही, मुदत नाही, पुनर्वसनाची मागणी नाही. बंदीनं रिकामा झालेला घोडा निदान बातमीत येतो. बाजारानं रिकामा केलेला कुठंच येत नाही. बंदीच्या परिणामांवर शंभर निबंध सापडतील, हळूहळू झालेल्या बदलाच्या परिणामांवर क्वचित एखादा. संशोधनातली पोकळी शोधताय ना? ही बघा एक.

कोण काय म्हणतो, आणि त्यातलं काय तपासता येतं

‘काम असेल तर जनावर नकोसं होत नाही’ : मालकांचा युक्तिवाद. माथेरानमध्ये ई-रिक्षांना अश्वपालांनी विरोध केला तो याच भूमिकेतून. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये तिथं प्रायोगिक ई-रिक्षांना वाट दिली, तरी वाद मिटला नाही. शंकरपटाच्या बाजूनंही हेच बोललं जातं. मे २०२३ मध्ये घटनापीठानं महाराष्ट्राचा शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला. यातला तपासण्याजोगा भाग असा : काम असताना जनावराला किंमत असते, हे खरं. पण काम संपल्यावर काय, याचं उत्तर या युक्तिवादात नाही. तो प्रश्न दहा वर्षं पुढं ढकलतो.

‘बंदी घाला, बाकीचं संस्था बघतील’ : प्राणिमित्रांचा युक्तिवाद. मुंबईचा पांजरपोळ १८३४ पासून आहे, परळचा बैलघोडा इस्पितळही जुना. परंपरा मोठी आहे, पण जागा मर्यादित. याला विचारायचा प्रश्न एकच : खाटा किती आणि रोगी किती?

‘यातनेतल्या प्राण्याला सन्मानानं मरण द्या’ : पशुवैद्यकांपैकी काहींचा युक्तिवाद. १९६० च्या कायद्यात त्याची सोय आहे. जनावर जगवणं हीच क्रूरता ठरेल अशा स्थितीत. पण कायद्यातलं कारण आहे यातना. मालकाची अडचण हे कारण नाही. निरोगी पण निरुपयोगी घोडा या कलमात बसत नाही. त्यानं मरावं की जगावं, हा प्रश्न आकडेवारीनं सुटणार नाही. तो मूल्यांचा आहे आणि तसंच म्हणून मांडावा. आकड्यांच्या आड मूल्य लपवणं हा संशोधनातला सगळ्यात सभ्य दिसणारा लबाडपणा आहे.

माझी भूमिका सांगतो. ज्यानं जनावराच्या कामावर पैसा कमावला, त्यानं त्याच्या म्हातारपणाचा वाटा कामाच्या दिवसांतच बाजूला काढावा. वरातीच्या प्रत्येक सुपारीतून, प्रत्येक फेरीतून थोडी रक्कम, घोड्याच्या नावानं, नोंदणीला जोडलेली. पण हा भार एकट्या घोडीवाल्यावर टाकणं अन्याय आहे. डीजेवर हजारो रुपये उडवणारं लग्नघर घोडीच्या दरात घासाघीस करतं; तो वाटा त्या दरातच यायला हवा. याला आक्षेप आहेत. वसूल कोण करणार? गरीब मालक नोंदणीच टाळेल का? बहुधा काही टाळतील. म्हणूनच ही भूमिका आधी लहान प्रमाणात तपासून पाहावी लागेल.

खामगावातून काय करता येईल

तुम्हाला अमेरिका नको आणि मुंबईही नको. खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर एवढ्या पट्ट्यातल्या वरातीच्या घोड्या मोजा. संख्या लहान असेल, त्यामुळं नमुना काढायची गरज नाही; सगळ्याच घ्या. मालकाला ‘तुम्ही म्हातारी घोडी काय करता?’ असं विचारू नका, कुणीही ‘सांभाळतो’ म्हणेल. त्याऐवजी विचारा : आत्तापर्यंत किती घोड्या पाळल्या, प्रत्येक कुठून घेतली, किती वर्षं चालली, शेवटी कुणाकडं गेली. प्रत्येक जनावराची वाट वेगळी लिहा. मतं विचारली तर सभ्य उत्तरं मिळतात, इतिहास विचारला तर माहिती मिळते.

चार महिन्यांचा, कामाविनाचा खर्च स्वतंत्र नोंदवा. चातुर्मास हीच खरी परीक्षा आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या नोंदींशी ताळा घ्या. आणि संमती घेताना स्पष्ट सांगा, की ही माहिती कारवाईसाठी नाही. तुमच्या प्रबंधामुळं एका गरीब माणसाच्या दारात पोलीस आले, तर पुढच्या दहा संशोधकांना तो दार उघडणार नाही.

गृहीतक लिहिताना ‘घोड्यांचे हाल होतात’ असं लिहू नका. ‘ज्या मालकाकडं चातुर्मासात दुसरं उत्पन्न आहे, त्याच्याकडं घोडी जास्त वर्षं टिकते’ असं लिहा. हे खोटं ठरू शकतं, म्हणूनच ते गृहीतक आहे. मुलाखतीत बहुतेक मालकांच्या तोंडून ‘शेवटी विकली’ एवढंच आलं, तर तिथं थांबू नका. कुणाला, कितीला आणि कुठल्या गावी, हे लिहून घेतल्याशिवाय वही मिटू नका.